सोलापुरात बसून एका ब्रिटिश क्रूझरचा सेवा-इतिहास कसा लिहावा

युद्धनौकेचा इतिहास लिहायला समुद्रकाठी राहावे लागत नाही. सोलापुरातून मुंबईचे बंदर गाठायचे तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये एक रात्र जाते हे खरे. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश जहाजांची बरीच कागदपत्रे आता घरबसल्या वाचता येतात, आणि जी येत नाहीत ती मुंबईत नाहीतर थेट लंडनमध्येच पाहावी लागतात. मग लिहिणारा कुलाब्यात राहणारा असो की जुळे सोलापुरात. अडचण कागदपत्रांपेक्षा पद्धतीची अधिक असते. हौशी लेखक एखादी गाजलेली लढाई उचलतो, तिच्या मागेपुढे चार ओळी जोडतो आणि त्याला जहाजाचा इतिहास म्हणतो. सेवा-इतिहासातला प्रश्न वेगळा आहे : नौदलात दाखल झाल्यापासून यादीतून नाव निघेपर्यंत ते जहाज कोणत्या तारखेला कोठे होते, कोणाच्या हाताखाली होते आणि कोणत्या कामावर होते? या प्रश्नाला चिकटून राहिले की लढाया आपापल्या जागी बसतात, आणि त्यांना लागणारी जागा फारच थोडी असते असे दिसून येते.

पद्धत नुसती सांगून कळत नाही, म्हणून येथे एकच जहाज शेवटपर्यंत सोबत घेतले आहे : ब्रिटिश शाही नौदलाची क्रूझर 'हायफ्लायर'. ती ७ डिसेंबर १८९९ रोजी बांधून पूर्ण झाली आणि १० जून १९२१ रोजी मुंबईत भंगारात विकली गेली. साडेएकवीस वर्षांच्या या सेवेत तिच्या वाट्याला गाजावाजा झालेली लढाई आली ती एकच, आणि तीही सुमारे दीड तासाची.

जहाजाची निवड

पहिल्याच प्रयत्नाला प्रचंड बॅटलशिप घेऊ नये. पहिल्या महायुद्धातील बहुतेक मोठ्या बॅटलशिप स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लोच्या नांगरवाड्यात शत्रूची वाट पाहत पडून होत्या, आणि त्यांच्यावर लिहिलेल्या साहित्याचा एवढा डोंगर आहे की नवशिक्याला त्यातून स्वतःची वाट काढणे कठीण. क्रूझरचे तसे नाही. व्यापारी मार्गांची राखण, शत्रूच्या जहाजांचा पाठलाग, किनाऱ्यावर तुकडी उतरवणे, काफिल्याला सोबत करणे, गव्हर्नराला किंवा वकिलाला नेऊन सोडणे, अशी सगळी किरकोळ आणि महत्त्वाची कामे तिच्याकडे असत. त्यामुळे तिचा माग अनेक देशांच्या दप्तरांत सापडतो. मराठी वाचकाने शक्यतो ईस्ट इंडीज स्टेशनवर, म्हणजे मुंबई, त्रिंकोमाली, एडन आणि इराणचे आखात या पट्ट्यात वावरलेली क्रूझर घ्यावी. 'फॉक्स', 'हायसिंथ' आणि 'हायफ्लायर' ही त्यातली चांगली नावे आहेत. ठिकाणे ओळखीची असली की चुकीची नोंद लवकर खटकते.

नाव आधी पक्के करावे

ब्रिटिश नौदलात एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरवले जाते, आणि या कामातल्या निम्म्या चुका तेथेच होतात. 'हायफ्लायर' हे नाव १८५१ साली पाण्यात उतरलेल्या एका लाकडी, वाफेवर आणि शिडांवर चालणाऱ्या युद्धनौकेचेही होते. ती क्रिमियाच्या युद्धात आणि नंतर चीनच्या किनाऱ्यावर लढली. उलट दुसऱ्या महायुद्धातल्या कागदावर 'हायफ्लायर' दिसले तर ते जहाजच नव्हे : तेव्हा हे नाव श्रीलंकेतील त्रिंकोमालीच्या नाविक तळाला दिलेले होते. घरातल्या एखाद्या जुन्या प्रमाणपत्रावर १९४४ सालाशेजारी हे नाव दिसले म्हणून आजोबा क्रूझरवर होते असे कोणी लिहू नये; ती क्रूझर तेव्हा तेवीस वर्षांपूर्वीच मोडीत गेलेली होती.

दुसरा धोका भगिनी-नौकांचा. या वर्गात तीन जहाजे होती : 'हायफ्लायर', 'हर्मिस' आणि 'हायसिंथ'. तिघींची धाटणी सारखी असल्याने छायाचित्रे सर्रास अदलाबदल होऊन छापली जातात, आणि घटनांचेही तसेच होते. डिसेंबर १९१० मध्ये शस्त्रास्त्रांच्या चोरट्या व्यापाराचा शोध घेण्यासाठी ब्रिटिश खलाशी दुबईत उतरले आणि तेथे चकमक झाली. ईस्ट इंडीज स्टेशनची तेव्हाची ध्वजनौका, म्हणजे तेथील ॲडमिरलचे जहाज, 'हायसिंथ' होती. 'हायफ्लायर'कडे तो मान लगोलग पुढे, १९११ मध्ये आला. केवळ "त्या सुमाराची ध्वजनौका" एवढ्यावर विसंबणारा माणूस ही घटना बिनदिक्कत चुकीच्या जहाजाच्या नावावर चढवील. 'हर्मिस' ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, पण तिचे नाव मात्र पुढे विमानवाहू जहाजांकडे गेले. त्यांतील १९५३ साली पाण्यात उतरलेली 'हर्मिस' म्हणजेच १९८७ ते २०१७ या काळात आपल्या नौदलात असलेली 'विराट'. हे विषयांतर झाले खरे, पण शोधयंत्रात 'हर्मिस' टाकल्यावर समोर काय काय येईल याची कल्पना त्यावरून यावी.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक टिपणात नावाशेजारी जलावतरणाचे साल लिहावे, जसे 'हायफ्लायर' (१८९८). शत्रूच्या जहाजालाही हाच नियम लावावा, कारण पुढे येणाऱ्या 'काइझर विल्हेल्म डर ग्रोस' या नावाची जर्मनीकडे एक प्रवासी बोट होती आणि एक बॅटलशिपही होती.

अंगयष्टीचे आकडे आणि त्यांचा उपयोग

जहाजाची मापे बहुतेक लेखांत वर चौकटीत टांगलेली असतात आणि खाली मजकुरात त्यांचा काहीच उपयोग केलेला नसतो. मापे घ्यावीत ती नोंदी तपासण्यासाठी. 'हायफ्लायर' ग्लासगोजवळच्या गोव्हन येथे फेअरफील्डच्या गोदीत बांधली गेली. ७ जून १८९७ रोजी तिची कील, म्हणजे तळाचा कणा, ठेवली आणि ४ जून १८९८ रोजी ती पाण्यात उतरली. विस्थापन ५,६५० टन, एकूण लांबी ३७२ फूट, रुंदी ५४ फूट, यंत्रांची शक्ती १०,००० अश्वशक्ती, वेग २० नॉट (ताशी २० सागरी मैल), सहा इंची तोफा अकरा आणि माणसे सुमारे ४७०. कोळसा जास्तीत जास्त १,१२५ टन मावत असे.

तिचे अठरा बॉयलर बेलव्हिल पद्धतीचे होते. सोलापूरच्या गिरण्यांतले जुने लँकेशायर बॉयलर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना फरक चटकन कळेल : लँकेशायरमध्ये मोठ्या पिंपातल्या पाण्यातून आगीचे दोन नळ जातात, तर बेलव्हिलमध्ये पाणी बारीक नळ्यांतून फिरते आणि आग बाहेरून लागते. त्यामुळे वाफ लवकर धरते आणि दाबही जास्त घेता येतो, पण नळ्या गळू लागल्या की दुरुस्तीला अंत नसतो. शतकाच्या आरंभी या बॉयलरांवरून ब्रिटनमध्ये एवढा वाद झाला की त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. त्या काळातल्या क्रूझरच्या नोंदीत "बॉयलर-दुरुस्तीसाठी गोदीत" असे वारंवार आले तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

आकड्यांचा खरा उपयोग असा. एका ठिकाणी जहाज प्लिमथला आणि दुसऱ्या ठिकाणी आठ दिवसांनी कॅनडातील हॅलिफॅक्सला असल्याचे वाचले, तर आधी अंतर काढावे. ते अडीच हजार सागरी मैलांच्या आसपास भरते. क्रूझर नेहमीच्या प्रवासात कोळसा वाचवण्यासाठी दहा-बारा नॉटने चालत; दहा नॉटने दिवसाला २४० मैल, म्हणजे साडेदहा दिवस लागणार. आठ दिवसांत ते व्हायचे तर सलग तेरा नॉट पडले पाहिजेत. अशक्य नाही, पण घाईचे कारण कोठेतरी नोंदलेले असलेच पाहिजे. ते नसेल तर दोहोंपैकी एक तारीख चुकलेली आहे. यासाठी मोठा ॲटलस आणि दोरा पुरतो. दोन्ही नसतील तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात बसून हे काम निवांत होते.

वर्गाचे नावही बदलते हे ध्यानात ठेवावे. 'हायफ्लायर' बांधली तेव्हा ती दुसऱ्या श्रेणीची संरक्षित क्रूझर होती, म्हणजे बाजूंना चिलखत नाही, पण यंत्रांवर पोलादी डेकचे कवच. १९१३ च्या सुमारास नौदलाने वर्गवारी बदलली आणि अशी जुनी जहाजे हलक्या क्रूझरांत गणली जाऊ लागली. दोन पुस्तकांत दोन वर्ग दिसले म्हणून दोन जहाजे समजू नयेत.

तारखांचा तक्ता

लिहायला बसण्याआधी एक लांब खतावणी किंवा संगणकावरची स्प्रेडशीट घ्यावी आणि तारीख, ठिकाण, घटना, ती कोठून कळली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, एवढे रकाने आखावेत. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि पुढे पस्तावतात. 'हायफ्लायर'चा तक्ता ढोबळमानाने असा बसतो : शतकाच्या आरंभी ईस्ट इंडीज स्टेशनची ध्वजनौका, मध्ये इतर स्टेशने आणि राखीव ताफा, १९११ पासून पुन्हा ईस्ट इंडीज, १९१३ मध्ये, शाळा संपवून थेट येणाऱ्या 'स्पेशल एंट्री' कॅडेटांसाठी प्रशिक्षण-जहाज, ऑगस्ट १९१४ मध्ये नववे क्रूझर स्क्वाड्रन, नंतर पश्चिम आफ्रिकेचा किनारा, १९१७ मध्ये उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज स्टेशन, युद्धानंतर तिसऱ्यांदा ईस्ट इंडीजची ध्वजनौका, आणि मुंबई.

हा सांगाडा भरायला तीन साधने पहिली घ्यावीत. नौदलाची अधिकृत यादी, म्हणजे 'नेव्ही लिस्ट', ठरावीक काळाने निघत असे आणि प्रत्येक जहाजाखाली अधिकाऱ्यांची नावे, ते रुजू झाल्याच्या तारखांसह, देत असे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने महायुद्धकाळातील या याद्या संगणकावर वाचण्यास खुल्या केल्या आहेत. एकाच पानावर बहुतेक अधिकाऱ्यांच्या तारखा एकमेकांजवळ पडल्या तर समजावे की जहाजाचे नवे 'कमिशन' तेव्हा सुरू झाले, म्हणजे जुनी माणसे उतरून नवी चढली. दुसरे साधन 'लंडन गॅझेट', ज्यात बढत्या, पदके आणि अधिकृत खलिते छापले जात. तिसरे वर्तमानपत्रे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूर या तिन्ही देशांनी आपली जुनी वर्तमानपत्रे फुकट वाचायला ठेवली आहेत, आणि ईस्ट इंडीजच्या जहाजांच्या हालचाली त्यांत इतक्या वेळा येतात की लंडनच्या महागड्या संग्रहांची उणीव फारशी भासत नाही. मात्र ऑगस्ट १९१४ नंतर सेन्सॉरमुळे हालचालींच्या बातम्या आटतात. तेथून पुढे लॉगबुकच, म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवहीच, हवी.

लॉगबुक कसे वाचावे

या कामाचा गाभा लॉगबुक. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात ती ए.डी.एम. ५३ या मालिकेत ठेवलेली आहेत. २०१० साली सुरू झालेल्या 'ओल्ड वेदर' या उपक्रमात जुन्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी महायुद्धकाळातील शेकडो ब्रिटिश जहाजांच्या लॉगबुकांची पाने स्वयंसेवकांकडून उतरवून घेण्यात आली. हवामानशास्त्रज्ञांना वारा आणि पारा हवा होता, इतिहासाच्या अभ्यासकांना त्याबरोबर बाकीचे सगळे आयते मिळाले. आपल्या जहाजाचा त्यात समावेश आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

लॉगबुकात एका दिवसाची नोंद मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत असते. एका बाजूला तासागणिक चाललेले मैल, दिशा, वाऱ्याचा जोर, वायुभार आणि तापमान. दुसऱ्या बाजूला शेरे. दुपारी बारा वाजता अक्षांश-रेखांश लिहिले जातात. बंदरात असल्यास केवळ बंदराचे नाव. आजाऱ्यांची संख्या रोज नोंदतात. पहारा बदलताना त्या वेळचा अधिकारी सही करतो. ही दुपारची नोंद आपल्या तक्त्याची पहिली ओळ समजावी, आणि बाकीचे वाचण्याआधी महिनाभराच्या दुपारच्या नोंदी सलग उतरवून नकाशावर टिंबे द्यावीत. रेघ जमिनीवरून गेली तर पूर्व-पश्चिम रेखांश उलटे वाचले गेले आहेत असे समजावे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे हमखास होते.

शेऱ्यांची भाषा ठरीव आहे. "हँड्स एम्प्लॉइड ॲज रिक्विझिट" हे वाक्य इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरू लागतो. अर्थ एवढाच की खलाशांना नेमून दिलेली पडेल ती कामे चालली होती. रविवारी तपासणी आणि प्रार्थना, शनिवारी धुलाई, मधूनमधून रंगकाम. आणि कोळसा. कोळसा भरण्याचा दिवस आला की अधिकाऱ्यांसकट सारे जहाज कामाला लागे, पोती खांद्यावरून आत जात, आणि दुसरा दिवस संबंध जहाज धुण्यात जाई. शेऱ्यात मात्र "कोल्ड शिप" (coaled ship, कोळसा भरला) हे दोन शब्द आणि किती टन घेतला याचा आकडा, एवढेच. हे आकडे न चुकता उतरवावेत, कारण दोन भरण्यांमधल्या अंतरावरून जहाज जोरात हाकले गेले की रेंगाळले हे कळते, आणि कप्तानाच्या खलित्यात नसलेली घाई तेथे उघडी पडते.

लॉगबुकाची मर्यादाही ओळखावी. त्यात कारणे नसतात. जहाजाने दिशा का बदलली, हे त्यात लिहिलेले नसते. ते आदेशांच्या आणि पत्रव्यवहाराच्या फायलींत शोधावे लागते. लढाईच्या दिवशी तर शेरे आणखी त्रोटक होतात, कारण लिहिणाऱ्याचे हात दुसरीकडे गुंतलेले असतात.

लढाई : दोन बाजू दोन रकान्यांत

युद्ध सुरू होताच 'हायफ्लायर' प्लिमथहून निघाली आणि कॅप्टन हेन्री बुलर यांच्या हाताखाली अटलांटिकात गस्त घालू लागली. दक्षिण अमेरिकेहून परतणारी 'ट्युबँशिया' ही डच बोट तिने अडवून प्लिमथला नेली, कारण तीत जर्मन राखीव सैनिक आणि सोने होते. मग तिला दक्षिणेकडे पाठवण्यात आले.

'काइझर विल्हेल्म डर ग्रोस' ही चार धुराड्यांची, एके काळी अटलांटिक ओलांडण्याच्या वेगाचा विक्रम करणारी प्रवासी बोट. ४ मे १८९७ रोजी ती पाण्यात उतरली, म्हणजे 'हायफ्लायर'ची कील ठेवण्याच्या जेमतेम महिनाभर आधी; दोघी एकाच पिढीतल्या म्हणायच्या. जर्मनांनी तिच्यावर १०.५ सेंटिमीटरच्या सहा तोफा चढवून तिला सहायक क्रूझर बनवले. कप्तान माक्स राइमान यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये 'ट्यूबल केन', 'कायपारा' आणि 'न्यांगा' ही तीन जहाजे बुडवली, पण बायकामुले असलेल्या 'गॅलिशियन' आणि 'अर्लांझा' या बोटींना जाऊ दिले. २६ ऑगस्ट रोजी ती स्पॅनिश वसाहतीतील रिओ दे ओरो येथे कोळसा भरत असताना 'हायफ्लायर'ने तिला गाठले. शरण येण्यास नकार मिळाल्यावर गोळीबार सुरू झाला. सहा इंची तोफेचा गोळा सुमारे ४५ किलोचा आणि जर्मन तोफेचा सुमारे १७ किलोचा, तेव्हा निकाल ठरल्यासारखाच होता. ब्रिटिश बाजूचा एक जण ठार झाला आणि काही जखमी झाले.

आता लेखकाची कसोटी लागते. ब्रिटिश म्हणतात, आमच्या तोफांनी ती बुडाली. जर्मन म्हणतात, दारूगोळा संपल्यावर आम्हीच सुरुंग लावून ती बुडवली. येथे मध्यममार्ग काढून "दोन्ही कारणांनी बुडाली" असे गुळमुळीत वाक्य लिहू नये. दोन्ही म्हणणी तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत, कोणी आणि केव्हा म्हटले त्यासह ठेवावीत, आणि मजकुरातही तशीच मांडावीत. माझ्या मते दोहोंत फारसा विरोधही नाही : तोफांनी जहाज लढण्यालायक राहिले नाही आणि मग त्याच्याच माणसांनी ते बुडवले, असे नौयुद्धात अनेकदा घडले आहे, परंतु हे माझे अनुमान म्हणून लिहिले पाहिजे, घटना म्हणून नव्हे. तिसरी ओळ स्पेनची : लढाई तटस्थ देशाच्या पाण्यात झाली, म्हणून स्पेनने निषेध केला. ब्रिटिशांचा बचाव असा की जर्मन बोटीनेच त्या पाण्याचा कोळसा भरण्यासाठी बेकायदा वापर चालवला होता. अशा वेळी तटस्थ देशांची वर्तमानपत्रे आवर्जून वाचावीत. 'कायपारा' न्यूझीलंडच्या कंपनीची असल्याने तेथील पत्रांत तिच्या खलाशांच्या हकिकती आल्या आहेत, आणि त्या दोन्ही नौदलांच्या खलित्यांपेक्षा कितीतरी जिवंत आहेत.

हॅलिफॅक्स : एका दिवसाला किती जागा द्यावी

पश्चिम आफ्रिकेची पुढची वर्षे इतिहासात थोडक्यात आटपावीत. गस्त, उष्मा, हिवताप आणि कोळसा. जागा राखून ठेवावी ती ६ डिसेंबर १९१७ साठी. काफिल्याला सोबत करण्यासाठी 'हायफ्लायर' १ डिसेंबरला हॅलिफॅक्सला आली होती. त्या सकाळी बंदराच्या अरुंद भागात नॉर्वेची 'इमो' आणि स्फोटकांनी भरलेली फ्रेंच 'मों-ब्लां' यांची टक्कर झाली. 'मों-ब्लां'ला आग लागली आणि ९ वाजून ४ मिनिटांनी तिचा स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मेली, नऊ हजार जखमी झाली आणि शहराचा उत्तर भाग भुईसपाट झाला.

स्फोटापूर्वी, काही मदत करता येते का ते पाहण्यासाठी 'हायफ्लायर'वरून एक वल्ह्यांची नाव निघाली होती. तीत कमांडर टॉम ट्रिग्ज आणि आणखी सहा जण होते. आधी ते 'स्टेला मॅरिस' या टगकडे (जहाजे ओढणाऱ्या बोटीकडे) गेले, मग 'इमो'कडे वळले, आणि तेवढ्यात स्फोट झाला. सातांपैकी एकटा खलाशी विल्यम बेकर पलीकडच्या डार्टमथच्या किनाऱ्याला पोहत लागला, बाकीचे गेले. पुढे 'मस्क्वॉश' नावाची टग पेटलेल्या अवस्थेत दोर तुटून वाहू लागली. तिच्यावर तोफ आणि दारूगोळा होता, आणि ती दारूगोळा भरलेल्या 'पिक्टन' या जहाजाच्या अंगावर जाण्याचा धोका होता. थॉमस डेव्हिस आणि रॉबर्ट स्टोन्स हे दोघे स्वखुशीने तिच्यावर चढले, ओढण्याचा दोर बांधला, तो तुटल्यावर दुसरा दिला, आगीतला दारूगोळा ओढून पाण्यात टाकला आणि आत पाणी मारता यावे म्हणून जळत्या खोल्यांची दारे फोडली. ट्रिग्ज यांना मरणोत्तर, आणि बेकर, डेव्हिस व स्टोन्स यांना अल्बर्ट पदक मिळाले.

हा तपशील जहाजाच्या लॉगबुकातून मिळत नाही. तो पदकांच्या प्रशस्तिपत्रांत आहे, आणि म्हणूनच 'लंडन गॅझेट' चाळण्याचा कंटाळा करू नये. दोन सूचना. प्रशस्तिपत्रांची भाषा गौरवाची असते. त्यातली क्रियापदे घ्यावीत, विशेषणे सोडून द्यावीत. आणि घटनेची वेळ लिहिताना ती स्थानिक आहे की ग्रिनिचची, हे स्पष्ट नोंदवावे. लंडनला गेलेल्या तारांमुळे येथे चार तासांचा घोळ होऊ शकतो. हॅलिफॅक्सबाबत दुसऱ्याच दिवशी मोठे हिमवादळ आले होते, हेही तपासून घालावे, कारण मदतीला लागलेल्या उशिराचे ते एक कारण आहे. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी पंख्याखाली बसून हे वाचताना त्याची कल्पना करणे जरा जड जाते.

ज्यांची नावे सहज सापडत नाहीत

ईस्ट इंडीज स्टेशनवरच्या ब्रिटिश जहाजांवर केवळ गोरे खलाशी नसत. भट्टीखान्यात सिदी, स्वयंपाकघरात आणि अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात गोमंतकीय, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर क्रू जमातीचे लोक, अशी स्थानिक भरती होत असे. ब्रिटिश खलाशांच्या नोंदी ए.डी.एम. १८८ मालिकेत नावानिशी मिळतात. या लोकांची नावे तेथे क्वचित, आणि मिळाली तर इंग्रज कारकुनाच्या कानाला पटतील अशा रूपात मिळतात. मराठी लेखकाने हा भाग गाळणे मला अयोग्य वाटते. किमान त्यांच्या हुद्द्यांची आणि संख्येची नोंद मिळेल तेथे ती घ्यावी. रॉयल इंडियन मरीन ही संघटना शाही नौदलाहून वेगळी होती, हेही विसरू नये. कोकणातील पुष्कळ माणसे तिच्यात होती आणि त्यांचे कागद क्यूच्या वरील मालिकांत शोधून हाती काही लागणार नाही.

शेवट मुंबईत

युद्धानंतर 'हायफ्लायर' पुन्हा ईस्ट इंडीजची ध्वजनौका झाली, आणि तेथेच तिची सेवा संपली. जहाजाचा शेवट लिहिताना तीन तारखा वेगळ्या ठेवाव्यात : माणसे उतरवून सेवेतून काढल्याची, विकल्याची आणि प्रत्यक्ष तोडल्याची. तिन्ही एकाच ओळीत कोंबण्याची चूक छापील पुस्तकांतही आढळते. १० जून १९२१ ही विक्रीची तारीख आहे. इतर ब्रिटिश क्रूझरांचे शेवटचे कागद शोधायला स्कॉटलंड किंवा वेल्समधील जहाजतोडीच्या धक्क्यांपर्यंत जावे लागते. येथे ते काम सिद्धेश्वरच्या एका खेपेत सुरू करता येते. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे, आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. पहिल्या ठिकाणी ओळखपत्र आणि संशोधनाचा विषय स्पष्ट करणारे पत्र बरोबर न्यावे. महाविद्यालयाच्या किंवा वाचनालयाच्या शिक्क्याचे असेल तर उत्तम. दुसऱ्या ठिकाणी १९२१ सालची मुंबईची वर्तमानपत्रे मागावीत आणि जूनपासून सुरुवात न करता जानेवारीपासून जहाजांच्या ये-जा आणि लिलावाच्या स्तंभांवर नजर ठेवावी, कारण जुन्या जहाजाच्या विक्रीची जाहिरात विक्रीच्या बरीच आधी येते. जुने पोलाद, पितळ आणि लाकडी सामान यांच्या विक्रीच्या जाहिराती त्यानंतरच्या महिन्यांत शोधाव्यात. तोडण्याची तारीख हाती येईपर्यंत तक्त्याच्या शेवटच्या ओळीत 'विक्री, मुंबई' एवढेच लिहावे आणि पुढचा रकाना कोरा ठेवावा.